काकांच्या अल्बमातला एडवर्ड आठवा

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा. नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. माझे थोरले काका निवृत्त शिक्षक आहेत आणि आयुष्यभर त्यांनी नाणी जमवली आहेत. शिवराई हातात देऊन त्यावरची अक्षरे मला त्यांनीच वाचायला शिकवली. येत्या दिवाळीत त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना भेट म्हणून मी गेल्या आठवड्यात इथल्या एका नाणे प्रदर्शनातून एडवर्ड आठव्याचे १९३६ सालचे चांदीचे मोठे ‘क्राउन’ नाणे ९५ पौंडांना घेतले. पाकिटावर ‘एडवर्ड आठवा, क्राउन, १९३६, चांदी, दुर्मिळ’ एवढेच लिहिले होते. घरी आल्यावर भिंगातून पाहिले, तर कडेवर बारीक खुणा दिसल्या : दोन अक्षरे, ९२५ हा आकडा आणि जहाजाच्या नांगराचे चित्र. वजन २८.३ ग्रॅम भरले. ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, की हे ‘फॅन्टसी कॉइन’ आहे, म्हणजे खोटे आहे. मी फसलो आहे का? आणि आता काकांना ते द्यावे की नाही? खरे सांगितले तर त्यांचा आनंद जाईल, आणि न सांगता दिले तर माझ्याच मनाला लागून राहील.

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांनी दिलेले नाव बरोबर आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. खोटे नाणे म्हणजे मुळात अस्तित्वात असलेल्या एखाद्या नाण्याची, लोकांनी फसावे म्हणून केलेली नक्कल. आपल्याकडे जे आले आहे त्याचे मूळ कोणत्याही टांकसाळीत नाही, कारण १९३६ हे साल आणि एडवर्ड आठव्याचा चेहरा असलेले क्राउन ब्रिटनने कधी पाडलेच नाही. एखादे नाणे निघाले असते तर कसे दिसले असते, अशी कल्पना करून खासगी टांकसाळीने संग्राहकांसाठी ते चांदीत घडवले आहे. अशी वस्तू तिच्या खऱ्या नावानिशी विकली तर त्या व्यवहारात काहीही गैर नसते. आपल्या बाबतीत ते नाव पाकिटावर लिहिलेले नव्हते, आणि माझा आक्षेप तेवढ्यावरच आहे.

या राजाची नाणी का निघाली नाहीत, हे समजून घेतले की पुढचा उलगडा सोपा होतो. पाचवा जॉर्ज २० जानेवारी १९३६ रोजी वारला आणि एडवर्ड गादीवर आला. नव्या राजाची नाणी तयार करायला टांकसाळीला काही महिने लागतात, म्हणून १९३६ साल असलेली ब्रिटिश नाणी वर्षभर पाचव्या जॉर्जच्याच चेहऱ्याने पडत राहिली. शिल्पकार हम्फ्री पॅजेट यांनी एडवर्डचे चित्र घडवले. दुसऱ्या चार्ल्सपासून असा रिवाज पडला होता, की प्रत्येक राजाने आपल्या पूर्वजाच्या विरुद्ध दिशेला तोंड करावे. पाचवा जॉर्ज डावीकडे पाहत असल्याने एडवर्डने उजवीकडे पाहायला हवे होते, पण भांग दिसणारी आपली डावी बाजू अधिक चांगली दिसते असे म्हणून त्याने डावीकडेच पाहण्याचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. नमुन्याची नाणी तयार झाली, त्यांवर १९३७ हे साल घातले गेले, आणि ती चलनात यायच्या आतच, ११ डिसेंबर १९३६ रोजी, त्याने गादी सोडली. नंतर आलेल्या सहाव्या जॉर्जचे तोंडही डावीकडेच ठेवण्यात आले. एडवर्डने रिवाज पाळून उजवीकडे पाहिले होते असे जणू टांकसाळीने मानून घेतले.

ही नमुन्याची नाणी म्हणजे आजच्या नाणेबाजारातल्या सर्वांत महाग वस्तूंपैकी एक. त्यांतला १९३७ चा एक सोन्याचा सॉव्हरिन जानेवारी २०२० मध्ये दहा लाख पौंडांना विकला गेला. बाराकोनी पितळी तीन पेनीची काही नमुना नाणी मात्र, नाणी टाकून चालणारी यंत्रे बनवणाऱ्यांकडे चाचणीसाठी गेली आणि त्यांतली थोडी परत आलीच नाहीत. बाकी बहुतेक ऐवज संग्रहालयांत आणि अगदी मोजक्या खासगी संग्रहांत आहे. तेव्हा एडवर्डच्या चेहऱ्याचे अस्सल क्राउन प्रदर्शनातल्या टेबलावर ९५ पौंडांना मिळणे संभवत नाही, आणि मिळालेच तरी त्यावर १९३६ हे साल असणार नाही. साल पाहिल्याबरोबर ओळख पटावी, इतकी ही खूण स्पष्ट आहे.

आता आपल्या हातातल्या नाण्याकडे पाहू, कारण त्याने स्वतःविषयी काहीही लपवलेले नाही. ब्रिटनच्या चांदीच्या नाण्यांतली शुद्धता १९२० साली ९२.५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली गेली आणि १९४६ पर्यंत ती तशीच राहिली. म्हणजे त्या काळात सरकारी क्राउन पडले असते तर ते अर्ध्या चांदीचे असते. आपल्या नाण्याच्या कडेवर ९२५ आहे. वजन क्राउनच्या ठरलेल्या २८.२८ ग्रॅमशी जुळते, त्यामुळे घडवणाऱ्याने आकार आणि वजन इमानाने राखले आहे. चांदी मात्र त्या काळच्या सरकारी नाण्यांपेक्षा चांगली वापरली आहे. नांगर ही बर्मिंगहॅमच्या शुद्धता तपासणी कार्यालयाची खूण आहे आणि दोन अक्षरे ही तपासणीला माल पाठवणाऱ्याची नोंदलेली खूण असावी. ब्रिटनमध्ये ७.७८ ग्रॅमपेक्षा जड वस्तू चांदीची म्हणून विकायची असेल तर तिच्यावर हॉलमार्क असावा लागतो. जे नाणे कोठल्याही देशात चलनात आहे किंवा पूर्वी कधी होते, त्याला यातून सूट आहे. आपल्या नाण्याला ती सूट मिळाली नाही, कारण ते कधीच चलन नव्हते. कायद्याने त्याला काटेचमच्याच्या रांगेत बसवले आणि त्याच्या कडेवर छाप मारला. १९३६ साल मिरवणाऱ्या नाण्याच्या कडेवर असा हॉलमार्क असणे, हाच ते नाणे नसल्याचा सरकारी दाखला आहे. शुद्धता आकड्यांत लिहिण्याची सक्तीही तिथे १९९९ पासूनची आहे, त्यापूर्वी स्टर्लिंग चांदीसाठी चालत्या सिंहाची खूण पुरत असे. त्यामुळे आपले नाणे बहुधा त्यानंतरचे असावे. कडेवर आणखी एखादे एकटे अक्षर असेल तर ते वर्षाचे अक्षर असू शकते. तपासणी कार्यालयांच्या प्रसिद्ध तक्त्यांत ते ताडून पाहावे, म्हणजे नक्की साल कळेल. कडेकडे इतके बारकाईने पाहण्याची सवय आपल्याला काकांनीच लावली असणार, असे पत्र वाचताना वाटले.

एडवर्डच्या नावाने अशी खासगी नाणी गेली कित्येक दशके निघत आली आहेत आणि १९८० च्या दशकात त्यांना विशेष बहर आला. केवळ ब्रिटनच्या नव्हे, तर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, बर्म्युडा अशा साम्राज्यातल्या अनेक देशांच्या नावांनी ती चांदीत, तांबे-निकेलच्या मिश्रधातूत आणि क्वचित सोन्यातही पाडली गेली. राजांच्या क्रमाने अल्बम लावणाऱ्याला पाचव्या आणि सहाव्या जॉर्जमधली मोकळी जागा सलत असते. अस्सल नमुना त्याच्या सात पिढ्यांना परवडणारा नसतो. ती जागा भरून काढण्याची इच्छा मला अगदी स्वाभाविक वाटते, आणि चांगल्या कारागिराने नीट ठसे कोरून, चांगल्या चांदीत पाडलेल्या अशा वस्तूबद्दल मला आदर आहे. जागतिक नाण्यांच्या प्रमाण कॅटलॉगांत त्यांची वेगळी नोंद होते. चलनी नाण्यांना ‘केएम’ (क्राउझ-मिशलर या कॅटलॉगकारांच्या नावांवरून) क्रमांक असतो, तर फॅन्टसींना ‘एक्स’ क्रमांक. म्हणजे या छंदाने त्यांना घराबाहेर काढलेले नाही, फक्त वेगळ्या खोलीत ठेवले आहे. माझा राग आहे तो घासून, काळपटवून, वापरलेले दिसावे म्हणून मुद्दाम झिजवलेल्या फॅन्टसींवर. अशा वेळी कल्पना संपून लबाडी सुरू झालेली असते.

आपण फसलात का, या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याच्या शब्दांत शोधावे लागेल. ‘एडवर्ड आठवा, १९३६, चांदी’ हे सारे खरे आहे, आणि तरीही खरेदीदाराला ज्या एका माहितीची सर्वांत जास्त गरज होती ती वगळलेली आहे. त्यापुढे ‘दुर्मिळ’ हा शब्द लिहिला, की वगळणे निष्पाप राहत नाही. विक्रेता व्यापारी असेल, तर ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वस्तू वर्णनाप्रमाणे असली पाहिजे, आणि तशी ती नसेल तर ३० दिवसांच्या आत परत करून पैसे मागता येतात. आपण गेल्याच आठवड्यात खरेदी केली आहे, म्हणजे मुदत हातात आहे. प्रथम सभ्य शब्दांत पत्र लिहा, पाकिटाचे छायाचित्र जोडा, आणि ही खासगी फॅन्टसी असल्याचे सांगितले नव्हते एवढेच म्हणा. आरोपाची भाषा वापरू नका. नाव राखून असलेले व्यापारी अशा वेळी सहसा पैसे परत करतात किंवा किंमत कमी करून देतात. विकणारा स्वतःच छांदिष्ट असेल तर आपली बाजू थोडी लंगडी पडते, पण पत्र त्यालाही लिहावे.

परत करायचे की ठेवायचे, हे भावनेवर न सोडता हिशेबावर ठरवा. २८.२८ ग्रॅम गुणिले ०.९२५ म्हणजे २६.१६ ग्रॅम शुद्ध चांदी, ३१.१०३५ ने भागले की ०.८४ ट्रॉय औंस. त्या दिवसाच्या चांदीच्या पौंडातल्या भावाने त्याला गुणा. येणारा आकडा म्हणजे वितळवल्यावरची किंमत. त्यावर घडणावळ, ठशांचे काम आणि संग्राहकांची आवड यांसाठी काही जादा देणे रास्त आहे. पण ९५ पौंडांचा मोठा भाग जर ‘दुर्मिळ’ या शब्दासाठी गेला असेल, तर तो परत मागावा. अशा नाण्यांच्या पूर्वी झालेल्या लिलावांतल्या किमती पाहिल्यावर अंदाज आणखी पक्का होईल. तिथेही विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती धरू नका, प्रत्यक्ष सौदा झालेल्या किमतीच धरा.

आता काकांविषयी. न सांगता द्यावे का, या विचारातून आपण बाहेर यावे असे मी मनापासून सांगतो. पहिले कारण साधे आहे : ज्यांनी आयुष्यभर नाणी हाताळली, त्यांना १९३६ हे साल खटकायला फार वेळ लागणार नाही. मग ते पुतण्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसतील आणि आपण त्यांना वाईट वाटू नये म्हणून गप्प बसाल. ताकाला जाऊन भांडे लपवण्यातला हा प्रकार दोघांनाही शोभणार नाही. दुसरे कारण मला त्याहून मोठे वाटते. अल्बम माणसाच्या मागे उरतो. काकांच्या डोक्यातली माहिती त्यांच्याबरोबर जाईल, नाणे राहील, आणि वीस वर्षांनी घरातली एखादी नात ते काढून म्हणेल, की आजोबांकडे एडवर्डचे दुर्मिळ नाणे होते, ज्याच्या जातभाईला दहा लाख पौंड मिळाले. माहितीशिवाय पुढे सरकलेली फॅन्टसी एका पिढीत ‘अस्सल’ होऊन बसते.

आपल्याकडे हे घडून चुकले आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, हनुमान किंवा राम-सीतेचे चित्र, एक आणा किंवा अर्धा आणा अशी किंमत आणि १६१६, १७१७, १८१८ अशी साले असलेली तांब्या-पितळेची नाणी महाराष्ट्रातल्या कितीतरी देवघरांत सापडतात. १६१६ साली कंपनी सुरतेत नुकती कोठे वखार थाटून बसली होती; तिच्या नावाची आण्यांतली नाणी पडायला अजून दोनशे वर्षे जायची होती. हे तुकडे श्रद्धेने पूजले जातात तोवर काही बिघडत नाही. पण त्याला लाखो रुपये मिळतील असे कोणी फोनवरून सांगतो, आधी ‘नोंदणी शुल्क’ भरायला लावतो, आणि घरातली म्हातारी माणसे पैसे गमावून बसतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे शुल्क उकळले जात असल्याचा इशारा खुद्द बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला. अशा माणसांची हकीकत ऐकताना जीव तुटतो, आणि या सगळ्याच्या मुळाशी कधीतरी कोणीतरी एक वाक्य लिहायचे टाळलेले असते.

खरे सांगितले तर काकांचा आनंद जाईल, ही आपली भीतीही मला पटत नाही. जो संग्राहक शिवराईवरची अक्षरे पुतण्याला वाचायला शिकवतो, त्याचा आनंद किमतीत नसून उलगड्यात असतो. नाण्याबरोबर हॉलमार्कचा शोध सांगा. कडेवरचा नांगर त्यांना स्वतः भिंगातून पाहू द्या.

आणि जमल्यास भेट पूर्ण करण्यासाठी माझी एक सूचना ऐका. एडवर्डच्या नावाची अस्सल नाणी आहेत, आणि त्यांतली सर्वांत देखणी आपल्याच देशात पडलेली आहेत. चलनात आलेल्या नाण्यांवर त्याचा चेहरा कोठेच नाही, नाव मात्र आहे. पूर्व आफ्रिका, ब्रिटिश पश्चिम आफ्रिका, फिजी आणि न्यू गिनी यांच्या मधोमध भोक असलेल्या लहान नाण्यांवर ते आले. चेहऱ्याला जागाच नसल्याने चित्राची वाट पाहावी लागली नाही. हिंदुस्थानात मुंबई आणि कलकत्त्याच्या सरकारी टांकसाळींनी त्याचे चित्र असलेले एकही नाणे चलनात आणले नाही, पण जोधपूर आणि कच्छ या संस्थानांनी त्याच्या नावाने नाणी पाडली. कच्छची तर चांदीची आहेत : कोरी (हे त्या संस्थानाचे चलन), अडीच कोरी आणि पाच कोरी. भुजच्या टांकसाळीत पडलेल्या पाच कोरीच्या एका बाजूस फारसी लिपीत ‘एडवर्ड हश्तम, कैसर-ए-हिंद’ आणि १९३६ हे साल आहे, तर दुसऱ्या बाजूस महाराव खेंगारजींचे नाव देवनागरीत आणि विक्रम संवत आहे. शिवाय त्रिशूळ, चंद्रकोर आणि कट्यार या कच्छच्या खुणा आहेत. या संस्थानाने एकाच १९३६ सालात पाचवा जॉर्ज, आठवा एडवर्ड आणि सहावा जॉर्ज अशा तीन राजांच्या नावांनी नाणी पाडली. लंडनच्या टांकसाळीला वर्षभरात जे साधले नाही, ते भुजने केवळ नाव बदलून साधले.

एडवर्डची पाच कोरी सुमारे चौदा ग्रॅमची, उत्तम चांदीची असते आणि दहा लाख पौंडांच्या गोष्टींशी तिच्या किमतीचा काही संबंध नाही. भारतातल्या नावाजलेल्या नाणे विक्रेत्यांकडे ती सर्वसामान्य संग्राहकाच्या आवाक्यात मिळते. ती इंग्लंडमध्ये शोधत बसू नका. भारतातूनच पक्क्या बिलावर आणि अस्सलपणाच्या लेखी हमीवर मागवा आणि थेट साताऱ्याला पाठवा. मात्र फारसी बाजूचे छायाचित्र आधी मागून घ्या, कारण १९३६ ची पाच कोरी म्हणून त्याच वर्षातली पाचव्या किंवा सहाव्या जॉर्जची हातात पडू शकते. देवनागरी बाजूवरून हा फरक कळत नाही. फारसी वाचता येत नसेल तर छायाचित्र एखाद्या जाणकाराला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे, काकांना तिची माहिती असेलच.

दोन्ही नाणी अल्बमाच्या एकाच पानावर शेजारी शेजारी ठेवावीत. चांदीच्या नाण्यांसाठी पीव्हीसीचे मऊ पाकीट वापरू नये, त्याने कालांतराने हिरवट चिकट थर चढतो. कडक कॅप्सूल घ्यावी, आणि क्राउनची कॅप्सूल पारदर्शक कडेची घ्यावी म्हणजे हॉलमार्क न काढता दिसेल. नाण्यांवर आलेला काळसरपणा चांदी चकाकवण्याच्या पावडरीने घासून काढू नका. सोबतच्या चिठ्ठीवर आपल्या हाताने, शाईच्या पेनने लिहा : ‘एडवर्ड आठवा, फॅन्टसी क्राउन. नाण्यावरील साल १९३६. प्रत्यक्षात नंतरची खासगी निर्मिती. चांदी ९२५, बर्मिंगहॅम हॉलमार्क कडेवर. वजन २८.३ ग्रॅम. चलनी नाणे नाही.’ खाली खरेदीची तारीख, दिलेली किंमत आणि आपले नाव घाला. कॅटलॉगातला ‘एक्स’ क्रमांक सापडला तर त्यासाठी एक ओळ मोकळी सोडा. तो शोधून भरण्याचे काम काकांवरच सोपवावे.